स्वमग्न नेमके कोण?

मराठी समीक्षेला 'स्वमग्न' हा शब्द फार प्रिय आहे. कवी दुर्बोध झाला की तो स्वमग्न, कादंबरीचा नायक खोलीबाहेर पडेनासा झाला की तो स्वमग्न, आणि एखाद्या पिढीने सामाजिक विषयांकडे पाठ फिरवली असे वाटले की ती सबंध पिढीच स्वमग्न. हा शब्द वापरताना समीक्षक किंचित दोष देत असतो आणि किंचित गौरवही करीत असतो, कारण 'मग्न' या पदाभोवती मराठीत एक पुण्याई आहे. ध्यानमग्न, चिंतनमग्न, भजनात मग्न. मग्न होणारा माणूस आपल्या मर्जीने मग्न होतो, त्यात त्याला सुख असते, आणि कोणी खांद्याला हात लावला तर तो भानावर येऊ शकतो. हाच शब्द आपण 'ऑटिझम'साठी नेमला. सरकारी कागदांत तो 'स्वमग्नता' म्हणून रुळला, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी उचलला, आणि आज परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या आईला तिच्या तीन वर्षांच्या मुलाविषयी पहिल्यांदा काही सांगितले जाते तेव्हा हाच शब्द तिच्या पदरात पडतो. तो चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ज्या तपासणीच्या शेवटी तो तिला मिळतो, ती तपासणी पहिल्यापासून शेवटपर्यंत भाषेचा व्यवहार आहे, आणि भाषेचा अभ्यास करणाऱ्या आपण मंडळींनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलेले नाही.

शब्दाचे आधी पाहू. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉइलर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकात घडवला, तो मुलांसाठी नव्हेच. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण बाहेरच्या जगातून अंग काढून घेतात, त्या अवस्थेला त्यांनी ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्व' यावरून हे नाव दिले. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांविषयी आपला प्रसिद्ध निबंध लिहिला तेव्हा तो शब्द उसना घेतला. उसनवारीचा परिणाम असा झाला की पुढची कित्येक वर्षे ही मुले 'बालवयातला स्किझोफ्रेनिया' या सदरात ढकलली जात राहिली. अमेरिकेच्या अधिकृत निदानपुस्तिकेत त्यांना स्वतंत्र जागा मिळायला १९८० उजाडले. आपण मराठीत भाषांतर केले ते या गोंधळलेल्या व्युत्पत्तीचे. मुलांकडे पाहून शब्द शोधला असता तर तो बहुधा वेगळा निघाला असता. २०१३ च्या डीएसएम-५ या पुस्तिकेत ऑटिझमच्या लक्षणांमध्ये आवाज, स्पर्श, प्रकाश, वास यांना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद देण्याचा स्पष्ट उल्लेख आला. वरातीतला बँजो सुरू झाला की कानांवर हात दाबून ओरडणारे, नव्या कपड्याची शिवण टोचते म्हणून तो अंगावर टिकू न देणारे मूल कोणत्या अर्थाने 'स्व'मध्ये मग्न आहे? त्याच्यावर बाहेरचे जग चारी बाजूंनी कोसळते आहे. त्याला आपण म्हणतो, हा आपल्यातच रमलेला आहे. मग आईही तसेच समजते: रमला आहे, रमू द्या. किंवा उलट: रमला आहे, जरा दरडावले की येईल बाहेर. हिंदीने 'स्वलीनता' म्हणून तीच वाट धरली, पण त्याने आपली चूक हलकी होत नाही. या लेखात मी 'ऑटिझम' हाच शब्द वापरणार आहे. परका आहे, पण निदान खोटा अर्थ तरी सांगत नाही.

यावर आपल्या मंडळींचे ठरलेले उत्तर असते की हा वैद्यकाचा प्रांत आहे, साहित्याच्या अभ्यासकाने त्यात कशाला लुडबुड करावी. त्यासाठी कॅनर यांच्या निबंधामागची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या अकरा मुलांतला पहिला मुलगा अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातला, डोनाल्ड ट्रिप्लेट. तो २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. कॅनर यांच्याकडे नेण्याआधी त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना एक पत्र पाठवले होते, टंकलिखित तेहेतीस पानांचे. मुलगा काय खातो, काय म्हणतो, कोणते शब्द घोळवत बसतो, कशाने चिडतो, कोणी आले-गेले तरी त्याला काही वाटत नाही, हे सगळे त्यात होते. कॅनर यांच्या निबंधात या पत्रातील निरीक्षणे जशीच्या तशी उतरली आहेत. म्हणजे ऑटिझमच्या इतिहासातला पहिला दस्तऐवज हा एका बापाचा गद्यलेख आहे. मेंदूचे चित्र किंवा रक्ताचा अहवाल त्या आरंभी कुठेच नव्हता. आणि आजही नाही. ऑटिझम ओळखण्याची रक्ततपासणी नाही, एमआरआयमध्ये तो दिसत नाही. मुलाला झटके येत असतील किंवा आणखी काही शंका असेल तर त्या तपासण्या कराव्या लागतात ही गोष्ट निराळी. पण हजारो रुपये मोजून काढलेली 'मेंदूची फिल्म' हातात आली म्हणजे ऑटिझमचा निकाल लागला, अशी समजूत करून घेऊन परतणारी कुटुंबे मराठवाड्यात कमी नाहीत. निदान होते ते दोनच गोष्टींवर: मूल पाहणे आणि मुलाविषयी ऐकणे. ऐकणे म्हणजे कोणाचे, कोणत्या भाषेत, किती वेळ, हा प्रश्न वैद्यकाचा जितका आहे तितकाच आपलाही आहे.

परभणीकडची एखादी आई सांगते त्या धर्तीचे एक वाक्य घ्या: "लेकरू बोलंना गेलंय, नाव घेतलं तरी बघंना, पण मिक्सर लावला की दुसऱ्या खोलीतून रडत येतंय, अन् बिस्किट पाहिजे असलं की बोट नाही दाखवत, माझा हात धरून डब्यापाशी नेतंय." या एका वाक्यात किती काय आहे ते पाहा. बोलणे आलेले नाही. हाकेला प्रतिसाद नाही. तरीही ऐकू येत असावे, असा पुरावा तिनेच दिला आहे. आवाजाचा त्रास होतो. आणि सगळ्यात मोलाचे: हवी ती वस्तू बोटाने न दाखवता दुसऱ्याचा हात साधनासारखा वापरणे. ऑटिझमच्या तपासणीत ज्या खुणा आवर्जून शोधल्या जातात त्यांतली ही एक आहे. हे वाक्य केसपेपरवर उतरते तेव्हा इंग्रजीत दोन शब्दांचे होते: बोलण्यास विलंब. उरलेले सगळे हवेत विरते. एखाद्या ओवीचा सारांश 'कवयित्रीला माहेरची आठवण येते' असा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण नापास करतो.

तर पालकांनी अपेक्षा काय ठेवावी? इथे थोडे तपशिलात जायला हवे, कारण तपशील ठाऊक नसल्यामुळेच पहिल्या खोलीत जे मिळेल त्यावर माणसे समाधान मानून परततात. पहिली गोष्ट, कान. हाकेला ओ न देणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झालीच पाहिजे. लहान मूल 'ऐकू आले' असे सांगू शकत नाही म्हणून त्याला झोपवून बेरा नावाची चाचणी करतात. ती न करता कोणी ऑटिझमचा शिक्का मारीत असेल तर पालकांनी थांबून विचारावे. दुसरी गोष्ट, चाळणी आणि निदान यांतला फरक. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. ती चाळणी आहे. तिच्यात मूल अडकले म्हणजे त्याला ऑटिझम आहे असे ठरत नाही. पुढे नीट तपासा, एवढाच तिचा अर्थ. अंगणवाडीत किंवा शिबिरात भरलेल्या यादीवरून घरी रडारड सुरू व्हावी असे तिच्यात काही नाही, आणि 'यादीत तर काही निघाले नाही' म्हणून दोन वर्षे निर्धास्त राहावे असेही नाही. तिसरी गोष्ट, वेळ. गरोदरपणापासून आजपर्यंतची सविस्तर हकीकत, मुलाला जमिनीवर खेळू देऊन केलेले निरीक्षण, एखादी प्रमाणित श्रेणी, आणि जेवण, कपडे, शी-शू अशा रोजच्या गोष्टी मूल कितपत करते याची विचारपूस, एवढे सगळे बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतल्या दहा मिनिटांत होत नाही. दोन-तीन खेपा लागतात. पहिल्या खेपेला अनोळखी खोलीत मूल भेदरलेले असते. तेवढ्यावरून काही ठरवणे म्हणजे परीक्षेच्या हॉलमधल्या चेहऱ्यावरून विद्यार्थ्याची बुद्धी सांगणे होय.

आणि तपासणारा शोधतो तो एकट्या ऑटिझमला नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भारतातील पाच ठिकाणची दोन ते नऊ वर्षांची मुले तपासली गेली. त्या पाच ठिकाणांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. दृष्टी, श्रवण, अपस्मार, हालचालींचे दोष, वाणी व भाषा, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अवधानदोष, अध्ययनदोष अशा नऊ अवस्थांपैकी एक तरी असलेल्या मुलांचे प्रमाण सहा ते नऊ या वयोगटात ठिकाणानुसार ६.५ ते १८.५ टक्के निघाले. यांतल्या बऱ्याच अवस्था तीन वर्षांच्या वयात एकमेकींसारख्या दिसतात, काही एकत्रही येतात. म्हणून चांगल्या तपासणीच्या अखेरीस 'सध्या असे दिसते आहे, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, पण वाणी-उपचार उद्यापासून सुरू करा' असे उत्तर मिळाले तर ते टाळाटाळीचे समजू नये. ते प्रामाणिक असते. टाळाटाळीचे उत्तर वेगळे: "मुलगे उशिराच बोलतात, त्याचा बाप तरी कधी बोलला?" या एका वाक्याने आपल्याकडे किती मुलांची दोन-तीन वर्षे खाल्ली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ठेवणार तरी कसा? २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ मोजली गेली. अपंगत्वाच्या रकान्यांत ऑटिझम हा रकानाच नव्हता.

आता भाषेच्या मुद्द्यावर येतो. मापनाची साधने मराठी मुलखाला परकी होती असे नाही, उलट आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडकडच्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे रूपांतर केले, त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले, आणि 'बिने-कामत' या नावाने ती चाचणी आजही देशभरच्या दवाखान्यांत चालते. ए. जे. मालिन यांनी नागपुरात बसून मुलांच्या बुद्धिमापनाची आणि सामाजिक परिपक्वतेची श्रेणी भारतीय मुलांसाठी बेतली. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या वाढीचे भारतीय मानदंड तयार केले. त्या श्रेणीत हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ बाबी आहेत. या तिघांनी काय केले? इंग्रजी प्रश्न समोर ठेवून 'आपल्या मुलाला हा कसा विचारायचा' याचा कीस काढला. ते उच्च दर्जाचे भाषांतरकार्य होते. मराठीतील भाषांतराच्या कोणत्या इतिहासात त्यांचा उल्लेख आहे? आपण शेक्सपिअरच्या रूपांतरांवर प्रबंध लिहिले, ते योग्यच केले. पण लाखो मुलांच्या आयुष्याला ज्या रूपांतराने वळण दिले त्याची नोंद घ्यायला आपल्याला नव्वद वर्षांत सवड झाली नाही.

हा कीस आज कोणी काढतो का? ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी आपल्या देशात 'इसा' नावाची श्रेणी वापरतात. तिच्यात चाळीस बाबी आहेत, प्रत्येकीला एक ते पाच गुण, आणि एकूण ७० पासून पुढे ऑटिझम धरला जातो. गुण द्यायचे ते वर्तन किती वेळा दिसते यावर: वीस टक्क्यांपर्यंत वेळा दिसले तर एक, ऐंशी टक्क्यांहून अधिक वेळा तर पाच. तपासणाऱ्याला हे टक्के कुठून कळणार? अर्थात आईच्या सांगण्यावरून. आणि आईला टक्क्यांत विचारले तर ती गप्प बसणार. 'कायम', 'सदा न् कदा', 'लहर लागली की', 'कधीमधी', 'क्वचित एखाद्या टायमाला' अशी आपल्या बोलीत वारंवारतेची उत्तम उतरंड आहे; ती श्रेणीशी जुळवून ठेवण्याचे काम बोलीच्या अभ्यासकाने एका महिन्यात करावे इतके सोपे आहे. एम-चॅटमध्ये एक प्रश्न लटक्या खेळाविषयी आहे. 'तुमचे मूल ढोंग करते का?' असे कोणी विचारले तर कोणती आई 'हो' म्हणेल? 'काल्पनिक खेळ' म्हटले तर तिला काही कळणार नाही. 'लुटुपुटूचं खातंय-पितंय का, बाहुलीला निजवतंय का' असे विचारले तर ती ताबडतोब सांगेल. उत्तराच्या जागी हो पडते की नाही, हे इथे निव्वळ शब्दनिवडीवर ठरते.

सर्वनामांची गंमत तर व्याकरणाच्या प्राध्यापकांनी मुद्दाम पाहावी. कॅनर यांच्याच वेळेपासून नोंदवले गेले आहे की ऑटिझम असलेली काही मुले 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल करतात, ऐकलेले वाक्य तसेच परत देतात. "तुला पाणी पाहिजे का?" असे मूलच म्हणते, आणि त्याला म्हणायचे असते, मला पाणी पाहिजे. इंग्रजीत ही अदलाबदल सर्वनामापुरती दिसते. मराठीत क्रियापदही लिंग दाखवते, आणि दिवसभर आईच्या तोंडचे ऐकणारा मुलगा "मी जाते" म्हणतो, हे घरोघरी घडते. त्यात काही वावगे नाही. शिवाय आपल्याकडे मोठी माणसे लहानांशी बोलताना स्वतःला आणि त्यांनाही तृतीयपुरुषी करून टाकतात: "आईला दे", "बाळाला भूक लागली का?" मग कोणते उलटलेले रूप बाळबोलीचे आणि कोणते चिंतेचे, हे मराठी न येणाऱ्या किंवा केवळ पुस्तकी मराठी येणाऱ्या तपासनिसाला कसे उमगावे? जिंतूरकडच्या तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. परभणी शहरातल्या एखाद्या मोहल्ल्यातले मूल "पानी होना" म्हणते, आणि दखनीत त्याचा अर्थ 'पाणी पाहिजे' असा स्वच्छ होतो. हिंदीच्या कानाला ते मोडके वाक्य वाटते. चाचणीच्या कागदावर हे सगळे 'भाषिक दोष' म्हणून जाऊ शकते. घरची भाषा कोणती, तपासणी कोणत्या भाषेत केली, या दोन नोंदी अहवालाच्या पहिल्या पानावर असल्याच पाहिजेत. नसल्या तर पालकांनी त्या लिहून मागाव्यात.

आणि तो अहवाल. तो इंग्रजीत असतो. ज्याच्याविषयी आहे त्याला वाचता येणार नाही हे उघडच आहे, पण ज्यांनी त्याच्यावर उद्यापासून काही करायचे त्या आईबापांनाही तो वाचता येत नाही. मग गावातल्या मास्तरांकडे, औषधाच्या दुकानदाराकडे, नात्यातल्या एखाद्या इंजिनिअर पोराकडे तो कागद फिरतो, आणि प्रत्येक जण आपापल्या परीने त्याचा अर्थ सांगतो. परभणीला हे नवे नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, कारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि शेतकरी आपल्याच जमिनीचा कागद वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात उभा राहत असे. त्या राजवटीत नोकरी करून मराठीत लिहिणाऱ्या बी. रघुनाथांच्या पिढीने भाषेचे हे परकेपण सोसले, आणि मुक्तिसंग्रामाच्या आठवणीत आपण ते अभिमानाने सांगतो. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा आपण पेढे वाटले. अभिजात झालेल्या या भाषेत तीन वर्षांच्या मुलाच्या वाढीविषयी दोन पाने लिहून मिळत नाहीत, याची लाज कोणाला वाटली असेल तर ती मला दिसली नाही.

यावर डॉक्टरांचा आक्षेप खरा आहे आणि तो ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात, हा अहवाल उद्या पुण्याच्या किंवा हैदराबादच्या तज्ज्ञाला दाखवावा लागतो, इंग्रजीशिवाय तो चालणार नाही. आणि रांगेत ऐंशी माणसे असताना दोन भाषांत लिहायला वेळ कुठून आणणार? बरोबर आहे. इंग्रजी अहवाल राहू द्या. त्याच्यासोबत एक पान मराठीत द्या: आम्ही काय पाहिले, त्यावरून काय वाटते, कशाची खात्री नाही, घरी काय करायचे, पुन्हा कधी यायचे. पाच ओळी. आणि 'मराठीत संज्ञाच नाहीत' हे मात्र सांगू नका. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, ते अपुरे असले तर ते पुरे करण्याची जबाबदारी आपली आहे. 'सामाजिक-भावनिक अन्योन्यतेचा अभाव' असले काही कोशात असेल तर ते फाडून टाकावे आणि 'देवाणघेवाण जमत नाही' असे लिहावे.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातला. फुकोचे नाव घेतल्याशिवाय ज्यांचा चर्चासत्रातला निबंध सुरू होत नाही, ते म्हणतील की निदान हेच सत्तेचे हत्यार आहे, वेगळ्या मुलाला चौकटीत बसवण्याचा हा उद्योग आहे, लेबल कशाला? विद्यापीठाच्या सभागृहात हे फार छान वाटते. निदानाचा सुकाळ झालेल्या समाजात त्याला अर्थही असेल. इथे दुष्काळ आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एकवीस अवस्थांना मान्यता देतो, त्यांत ऑटिझम आहे. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. चाळीस टक्के आणि त्याहून अधिक अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य-विमा संरक्षण आहे. कागद नसेल तर यांतले काहीही मागता येत नाही, आणि कागद नसलेल्या मुलाला लेबल मिळत नाही असेही नाही. ते गाव देते: येडं, मुकं, बाहेरचं लागलेलं. ज्यांना लेबल नको आहे त्यांनी आधी या लेबलांचे काय करणार ते सांगावे. एक सावधगिरी मात्र पालकांनी ठेवावी: निदानाचा कागद आणि अक्षमतेचे प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला उपचारासाठी, दुसरा हक्कासाठी. प्रमाणपत्राच्या टक्केवारीला मुलाच्या बुद्धीची टक्केवारी समजून रडत बसू नये.

आईला दोष देण्याची परंपरा जुनी आहे, तिच्यावर फार शब्द खर्च करीत नाही. कॅनर यांनीच आईबापांच्या थंडपणाविषयी लिहून तिची सुरुवात केली, ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात तिला सिद्धान्ताचे रूप दिले, आणि १९६९ साली कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले तोवर एक पिढी होरपळून निघाली होती. आपल्याकडे तीच गोष्ट आता 'व्हर्च्युअल ऑटिझम' या नावाने आली आहे: आईने मोबाइल दिला म्हणून मूल असे झाले. लहान मुलासमोरचा पडदा कमी करावा, त्याच्याशी बोलावे, यात वाद नाही. पण ही संज्ञा डीएसएम-५ मध्ये नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही नाही. तिच्या पाठोपाठ 'बरे करून देतो' म्हणणारे येतात. मूलपेशी-उपचारांची जाहिरात करणाऱ्यांना तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात ऑटिझमसाठी ते करू नयेत असे बजावले आहे. तरीही शेत गहाण टाकून पैसे उभे करणारा बाप मूर्ख नसतो. त्याला समजेल अशा भाषेत कोणी काही सांगितलेलेच नसते.

मराठी साहित्याने या मुलांना दिले ते काय? बहुतेक वेळा देवाघरचे निरागस लेकरू, किंवा पूर्वजन्मीचे भोग. १९९१ च्या 'चौकट राजा'ने प्रेक्षकांना रडवले, आणि त्या रडण्यात खोटे काही नव्हते. पण करुणेने पाहणे आणि निरखून पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीला दुसरी लागते.

२०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी ठरलेली आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचे, वाढीत मागे पडलेले मूल आढळले तर जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवायचे. योजना चांगली आहे. पण गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची जी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात त्यांची लेकरे त्या हंगामात अंगणवाडीच्या हजेरीत नसतात, कुठल्या तरी कारखान्याच्या फडात, कोपीत असतात. पथक येऊन जाते. दोन खेपांतली एक अशी हुकली की मुलाचे अर्धे वर्ष जाते, आणि दोन ते चार या वयात अर्धे वर्ष फार मोठे असते. निदान गाव सोडताना आईच्या हातात मुलाच्या वाढीची चार वाक्ये मराठीत लिहून दिलेली असली तर फडाजवळच्या दवाखान्यात ती दाखवता येतील.

ही वाक्ये कोणी लिहायची? परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कृषी विद्यापीठाच्या जुन्या गृहविज्ञान, आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात मानव विकास हा विषय शिकवला जातो. जिल्ह्यातली महाविद्यालये ज्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यांच्यात मराठीचे विभाग आहेत, आणि तिथे दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधताना विद्यार्थ्यांची दमछाक होते. बोलीतला प्रश्न कसा असावा, गोरमाटीत आणि दखनीत तो कसा विचारावा, वारंवारतेचे कोणते शब्द कुठल्या तालुक्यात कसे चालतात, पालकाची हकीकत त्याच्याच शब्दांत कशी उतरवून घ्यावी, ती दुसऱ्याला दाखवण्याआधी त्याची संमती कशी घ्यावी, यांतल्या प्रत्येकावर एक प्रकल्प होईल. सुरुवात पहिल्या प्रश्नापासून करता येईल. "काय त्रास आहे?" असे विचारले की "बोलत नाही" एवढे उत्तर येते. "सकाळी उठल्यापासून लेकरू काय काय करतं ते सांगा" असे विचारले तर आई अर्धा तास बोलेल. तो अर्धा तास डॉक्टरांकडे नाही. दुपारच्या तासिका संपल्यावर मराठीच्या विद्यार्थ्याकडे असतो.